शैलामावशीची हार्डडिस्क

शैलामावशी पुण्याला आली ती काखेत पितळी डबा घेऊन. डब्यात लाडू असणार असं गृहीत धरून भाचीच्या प्रयोगशाळेतल्या मंडळींनी चहा मागवला. मावशीनं झाकण काढलं, जुन्या सुती साडीच्या फडक्याची गाठ सोडली आणि टेबलावर एक काळपट, जड हार्डडिस्क ठेवली. मंडळींनी नुसताच चहा घेतला.

“चौदा वर्षं झाली, फिरत नाही,” मावशी भाचीला म्हणाली. “महाडला दोन दुकानांत दाखवली. मोटर जाम झालीय म्हणाले दोघंही. मग म्हटलं, तुझ्या यंत्राला दाखवावी.”

शैला दरेकर म्हणजे ऋजुता उतेकरच्या आईची थोरली बहीण. पोलादपूरजवळच्या एका हायस्कुलात तिनं आयुष्यभर विज्ञान शिकवलं, आणि निवृत्तीनंतरही तिच्या बोलण्यातून खडू काही सुटला नाही. बरोबर तिचा धाकटा भाऊ सहदेव आला होता, दाभेवाडीचा सरपंच. त्यानं खुर्चीच्या कडेला टेकून आधी पंख्याकडे पाहिलं, मग यंत्राकडे, आणि हेच का ते म्हणून विचारलं.

त्या डिस्कमध्ये एक डोंगर होता. दाभेवाडीच्या डोक्यावर उभा असलेला कातळमाथा. गेल्या पावसाळ्यात, म्हणजे २०४६ साली, त्याच्या उतारावर हातभर रुंद भेग पडली आणि जिल्हा कचेरी खडबडून जागी झाली. नवी उपकरणं बसली, डोंगर यंदा किती सरकला ते कळलं. पण तो पूर्वीपासूनच असा सरकतोय का, हे कुणी सांगू शकेना. इतकी दाट झाडी, की उपग्रहालाही खालची जमीन धड दिसत नाही. काही डोंगर वर्षानुवर्षं संथ सरकत राहतात. पाणी वळवायला चर खणले की त्यांच्या पायथ्याशी सुखानं राहता येतं. काही डोंगर मात्र धक्क्याधक्क्यानं सरकतात, दर धक्का आधीच्यापेक्षा मोठा, आणि एके दिवशी खाली येतात. दोघांतला फरक एका वर्षाच्या आकड्यांवरून समजत नाही. त्यासाठी जुनी नोंद लागते.

आणि ती फक्त मावशीकडे होती. कुणी सांगितलेलं नसताना तिनं २०१९ साली शाळेतल्या मुलांना हाताशी धरून उतारावर कलमापक रोवले होते. ते दर तासाला घरच्या कॉम्प्युटरला जमिनीचा कल कळवत. सलग चौदा वर्षं. शाळेतली दुसरी प्रत पुराच्या पाण्यात गेली आणि ही डिस्क बंद पडली.

“पावसाच्या आधी ग्रामसभेनं ठराव करायचा हाय,” सहदेवमामा म्हणाला. “उठायचं, का चर खणून ऱ्हायाचं. उठलो तर नदीकडची सपाटी देतायत. पर बाय, मी गेल्याच साली घर बांधलंय. तुझी मशीन शंभर टक्के वाचते म्हणं. एकदा वाच आणि दे कागद.”

मामाला कागदावर काय हवं होतं हे कुणी न सांगताही कळत होतं.

ऋजुताच्या यंत्राचं नाव पटदर्शक. जुन्या हार्डडिस्कमधली तबकडी मिनिटाला हजारो फेरे घेते आणि वाचणारं टोक तिच्यावरून, न टेकता, तरंगत जातं. मधलं अंतर इतकं थोडं की धुराचा एक कण आला तरी वाटेत धोंडा पडल्यासारखं व्हावं. तबकडी फिरली नाही तर टोक तरंगत नाही, आणि टोक तरंगलं नाही तर वाचन नाही. अशा करोडो मुक्या डिस्क जगभरच्या कपाटांत पडून होत्या. पटदर्शकानं ती अडचणच काढून टाकली. तो तबकडी फिरवतच नाही. ती बाहेर काढायची, तिच्यावरचा संरक्षक थर विरघळवायचा आणि वर हिऱ्याची पातळ चकती टेकवायची. त्या हिऱ्यात मुद्दाम पेरलेले नायट्रोजनचे अणू खालच्या चुंबकत्वाप्रमाणे कमीजास्त चमकतात. त्या चमकण्याचं छायाचित्र घेतलं की माहितीचा एकेक ठिपका दिसतो.

सगळे दिसत नाहीत, ही त्यातली मेख. थर काढताना पुष्कळ ठिपके पुसले जातात. तिथं काय असावं याचा अंदाज यंत्र आजूबाजूचं पाहून करतं. या भागाला ‘भरण’ म्हणत, तो ऋजुतानं स्वतः लिहिला होता आणि ‘शंभर टक्के’ ही जाहिरात त्याच्याच जिवावर चालली होती. भरण बंद केलं तर ठिपक्यांचे आकडेच जुळत नसत; कुठला दिसलेला आणि कुठला भरलेला, हे नंतर वेगळं काढायची सोय नव्हती. शिवाय तबकडी यातून एकदाच जाऊ शकते. थर गेला की ती पुन्हा कधी फिरणार नाही.

मावशीनं हे सगळं शांतपणे ऐकलं. वर्गातल्या शेवटच्या बाकावरच्या मुलीला विचारावं तसं तिनं विचारलं, “मधे मधे माझे सेल संपायचे. वर जाऊन बदलेपर्यंत नोंद नसायची. तेवढी जागा मी कोरी सोडलीय. तुझं यंत्र ती कोरीच ठेवील ना?”

“कोरं काही राहत नाही, मावशी,” ऋजुता कौतुकानं म्हणाली. “तेच तर त्याचं वैशिष्ट्य आहे.”

मावशीनं मान डोलावली, पण डिस्कवरचा हात काही काढला नाही.

ते मान डोलावणं ऋजुताच्या डोक्यात घर करून बसलं. तिला सांगलीच्या एका गिऱ्हाइकाचा फोन आठवला. लग्नाची जुनी चित्रफीत यंत्रानं सुरेख वाचून दिली होती, फक्त नवरीच्या काकांशेजारी फेटा बांधून बसलेला एक गृहस्थ दोन्ही घरांपैकी कुणालाच ओळखू येत नव्हता. प्रयोगशाळेत त्यावर सगळे पोट धरधरून हसले होते, त्यात ऋजुताही होती. आता तिला ते हसू येईना.

मामाला तिनं थोडे दिवस थांबायला सांगितलं. सिक्कीममध्ये काही वर्षांपूर्वी कोसळलेल्या एका डोंगराची पूर्ण नोंद तिच्याकडे होती. ती तिनं मावशीच्या डिस्कच्याच पिढीतल्या एका जुन्या डिस्कवर उतरवली आणि ती डिस्क पटदर्शकाला दिली. मूळ नोंदीत पायऱ्या होत्या: डोंगर थांबला, धक्क्यानं सरकला, पुन्हा थांबला, पुन्हा सरकला. यंत्रातून आली ती एक छान, संथ उतरती रेघ. धक्के थोड्या वेळाचे, म्हणून थोड्या जागेत लिहिलेले. यंत्रानं आजूबाजूचं पाहून ते बुजवून टाकले होते. त्यात लबाडी नव्हती. यंत्रानं सभ्य अंदाज केला होता, आणि डोंगर सभ्य नसतात.

त्या रेघेवर विश्वास ठेवून सिक्कीमचं ते गाव चर खणत बसलं असतं.

ऋजुता बराच वेळ स्वतःच्याच कर्तबगारीकडे बघत राहिली. मग तिनं संचालकांना जाऊन सांगितलं की भरण थांबवा आणि आजवर ज्यांना ज्यांना प्रती दिल्या त्यांना खरं काय ते कळवा. संचालक सभ्य माणूस, आवाज चढवला नाही. एवढंच म्हणाले की हे कळवल्यावर पटदर्शक राहील की नाही ठाऊक नाही, आणि तुझी खुर्चीही. ऋजुताला वाईट वाटलं. सात वर्षांचं काम होतं. पण ती बाहेर आली ती थेट मावशीकडे.

“मावशी, ही यंत्रात घालायची नाही. हिला हिच्या पायावर फिरवायची.”

“मला वाटलंच होतं तू असं म्हणशील,” मावशी म्हणाली. तिला खरं तर असं काही वाटलेलं नव्हतं, पण शिक्षक ते कबूल करत नाहीत.

मामा मात्र भडकला. “महिनाभर हितं बसून आता पहिल्यापास्नं? माझा दोस्त सांगत व्हता, फ्रीजमध्ये ठेवली का सुटते.”

“फ्रीजमधून काढली की आत दव धरतं, मामा. तबकडीवर पाण्याचा थेंब आला की संपलं.”

“मंग ठोकून बघ.”

“ठोकायचं तर मुळीच नाही.”

बंद डिस्कचा दोष शोधणं हे बरंचसं कानाचं काम. ऋजुतानं आधी सगळ्यात साधी गोष्ट केली: वीज देणारा अडॅप्टर बदलला, वायर बदलली. बिचारी डिस्क निर्दोष आणि वायर मेलेली असं पुष्कळदा निघतं. इथं तसं नव्हतं. मग तिनं वीज चालू करून डिस्क तळहातावर धरली आणि डोळे मिटले. वाचणारं टोक तबकडीला चिकटलं असेल तर मोटर ओढ घेते आणि बारीक गुणगुण हाताला जाणवते. बेअरिंग धरलं असेल तरीही काहीतरी धडपड कळते. इथं काहीच नव्हतं.

“मोटर जाम नाहीये,” ती म्हणाली. “जाम झालेली मोटर कुरकुरते. हिच्यापर्यंत वीजच पोचत नाहीये.”

खालच्या हिरव्या पट्टीवर विजेच्या उसळीपासून राखण करणारे दोन बारके भाग असतात. उसळी आली की ते स्वतः जळून मागच्यांना वाचवतात. मीटर लावून पाहिलं, दोघंही शाबूत. पट्टी बदलायचा विचार तिच्या मनात आला. पण प्रत्येक डिस्कच्या पट्टीवर त्या एकाच डिस्कची मापं जपणारी चिप असते; दुसऱ्याची पट्टी जशीच्या तशी चालत नाही, चिप काढून बसवावी लागते. ते करण्याआधी तिनं स्क्रू काढून पट्टी नुसती उचलून पाहिली.

मोटरला वीज देणाऱ्या टोकांवर लाल खपली बसली होती.

गंज म्हणावा तर रंग जरा जास्तच खुललेला. तिनं स्पिरिटचा बोळा लावला. बोळा आधी लाल झाला, मग कडेनं पिवळा. ऋजुतानं तो नाकाशी नेला. मग मावशीपुढे धरला.

“मावशी, हे कुंकू आहे.”

मावशीचा चेहरा बघण्यासारखा झाला.

“खंडेनवमीला,” ती हळूच म्हणाली. “दर वर्षी. घरोघर कोयते, नांगर पुजतात. माझं हत्यार हेच की नाही? कॉम्प्युटरचा डबा उघडून मी हिला बाहेर काढायची. हळदकुंकू, अक्षता, फूल.”

“उघड्या पट्टीवर?”

“अगं, वरच्या बाजूला एक छिद्र आहे आणि तिथं इंग्रजीत लिहिलंय की हे झाकू नका. मी वाचलं ना ते. म्हणून तर उलटी करून मागच्या बाजूला टिळा लावायची. बरोबर मध्यावर.”

मध्यावर म्हणजे मोटरच्या टोकांवर. हळदीला चुना देऊन केलेलं घरचं कुंकू, वर पाण्याचा थेंब, त्यात कोकणातली दमट हवा. चौदा दसऱ्यांत ते आत झिरपलं आणि त्यानं टोकं खाल्ली. इतकी काळजी घेऊन इतकी पक्की वाट लावणं फक्त एका विज्ञानाच्या शिक्षिकेलाच जमलं असतं. मामा तोंडावर उपरणं धरून गदगदा हसत होता. थोड्या वेळानं मावशीही हसायला लागली, आणि हसता हसता तिच्या डोळ्यांत पाणी आलं.

“म्हणजे मीच ती बंद पाडली,” ती म्हणाली.

“तू पुजलीस म्हणून कुणी भंगारात दिली नाही,” ऋजुता म्हणाली, आणि ते तिला अगदी मनापासून वाटत होतं.

पुढचं काम शाळेतल्या खोडरबरानं झालं. टोकं घासून तांबं पुन्हा चमकायला लागेपर्यंत ऋजुता घासत होती. पट्टी बसवली, वीज दिली. आता हाताला गुणगुण जाणवली. मोटर जिवंत होती, पण तबकडी अजून हलत नव्हती. चौदा वर्षं एका जागी टेकलेलं टोक तिला चिकटून बसलं होतं, ओल्या ओट्यावर काच चिकटते तसं. जोर केला तर टोक तुटणार. ऋजुतानं डिस्क मावशीच्या हातांत दिली.

“पदरात धर. नुसती ऊब दे.”

दुपारभर मावशी डिस्क पदरात घेऊन बसली. मामा येरझारा घालत होता. मग ऋजुतानं ती सपाट धरली आणि वीज चालू असतानाच मनगटाला एक छोटा, झटकन हिसका दिला, जातं सुरू करताना खुंट्याला देतात तेवढाच, तबकडी फिरते त्याच दिशेनं. काही झालं नाही. पुन्हा दिला. आतून एक बारीक आवाज आला, आणि मग तो वाढत वाढत चढत गेला आणि एका सुरावर स्थिर झाला.

चौदा वर्षांनी ती तबकडी मिनिटाला हजारो फेरे घेत होती, तिच्यावरून ते एवढंसं टोक पुन्हा तरंगत होतं, आणि ज्या माणसांनी हे सारं पहिल्यांदा जुळवलं असेल त्यांच्याविषयी ऋजुताला अशी माया दाटून आली की तिनं टेबलाला हात टेकला. हिऱ्याचं यंत्र बनवणारी बाई, पण इतकं नाजूक आणि इतकं चिवट तिच्या हातून कधी काही झालं नव्हतं.

डिस्क थांबेल या धास्तीनं तिनं आधी सगळी नक्कल उतरवून घेतली. वाचता आलं ते उतरलं. वाचता आलं नाही ते कोरं राहिलं.

मग तिनं रेघ काढली. तिच्यात पायऱ्या होत्या. दर मोठ्या पावसानंतर एक, आणि पुढची मागचीपेक्षा उंच. शेवटच्या पायरीला यंदाचे आकडे जोडले तेव्हा ऋजुतानं मामाकडे पाहायचं टाळलं. मामानंच पडद्याजवळ येऊन पाहिलं. मग जाऊन खुर्चीत बसला, या वेळी पूर्ण बसला.

“बाय,” तो म्हणाला, “मधी पुष्कळ जागा मोकळी हाय. तिथं डोंगर मागं सुदीक गेला आसंल. न्हाय का?”



ग्रामसभा भैरीच्या देवळापुढच्या मंडपात भरली. ऋजुतानं भिंतीवर रेघ दाखवली आणि पायऱ्या समजावल्या. लोक शांत होते, पण मान कुणी हलवत नव्हतं. घर सोडा म्हणून सांगणाऱ्या रेघेला इतक्या सहज कोण मान देणार. मग मामा उठला. सरपंच म्हणून नाही, नवं घर बांधलेला माणूस म्हणून.

“पुण्याच्या मशीननं सगळी रेघ पुरी निघाली असती,” तो म्हणाला. “ही अर्धवट हाय. अर्धवट कागदावर मी पोरंबाळं उठवू? आक्का, तू सांग. ही पयली मोकळी जागा. हितं काय झालं?”

मावशी पुढे येऊन उभी राहिली. मंडपात बसलेल्यांपैकी निम्म्यांनी तरी तिच्या हातची छडी खाल्लेली होती.

“सेल संपले होते. डोंगर हलला की नाही, मला माहीत नाही.”

“आणि ही?”

“मला टायफॉइड झाला होता. त्या दिवसांचं माहीत नाही.”

“ही मोठी? ही तर त्या मोठ्या पावसातली.”

“सेल बदलायला वर जायचं होतं. मी घरातून निघाले, ओढ्यापर्यंत गेले आणि परत आले. मला भीती वाटली. डोंगर त्या दिवशी आवाज करत होता.”

दरेकर बाईंना एखादी गोष्ट माहीत नाही, हे त्या गावानं याआधी कधी ऐकलं नव्हतं. त्यांना भीती वाटते, हे तर नाहीच नाही.

“आणि ह्या पायऱ्या?” मामानं विचारलं. त्याचा आवाज आता वेगळा होता. “त्या तरी खऱ्या का, आक्का?”

“त्या मी पाहिल्यात, सहदेव. जे पाहिलं नाही ते मी कुठंच लिहिलेलं नाही.”

मामानं उपरणं तोंडावरून फिरवलं. त्यानं डोळे पुसले की घाम, ते ऋजुताला दिसलं नाही. मग तो लोकांकडे वळला.

“उद्या सकाळी माझ्या घराची कौलं उतरवायला या,” तो म्हणाला. “आधी माझी उतरवू. मग तुमच्याकडं येतो.”